पंचबोलच्या कड्याजवळचा मुक्काम

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या कमलाकांतमास्तरांनी निवृत्त झाल्यावर लष्कराच्या लिलावात एक जुनी रुग्णवाहिका घेतली. आत झोपायला दोन बाकं केली, स्टोव्हसाठी पत्र्याचा ओटा बसवला, खिडक्यांना पडदे लावले. त्यांच्या पत्नीला, सिंधूबाईंना, ते मुळीच पटलं नव्हतं.

"चांगलं घर सोडून डब्यात राहायचं, हे काय खूळ?"

एकसष्टच्या डिसेंबरात मात्र त्या कशाबशा तयार झाल्या. परतवाड्याहून घाट चढून दोघं चिखलदऱ्याला आले आणि पंचबोलच्या कड्यापासून थोडं अलीकडे, सपाटीवर मुक्काम केला. समोर तुटलेला काळा कातळ, खाली खोल दरी. हाक मारली की समोरचे डोंगर ती परत करत. मास्तरांनी सिंधूबाईंच्या नावानं इतक्या हाका मारल्या, की त्या लाजून गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र काढायला चांगली जागा शोधताना मास्तरांचा पाय दवानं ओल्या दगडावरून सटकला. घोटा टम्म सुजला. तिथून जाणारा वनरक्षक देवमन आणि सिंधूबाई यांनी त्यांना धरून गाडीत आणून निजवलं.

"दवाखाना गावात हाय," देवमन म्हणाला. "पन गाडी कोन नेईन?"

"मी," सिंधूबाई म्हणाल्या.

"तुमाले येते चालवता?"

"येत नाही. पण अकोल्यापासून यांच्या शेजारी बसून बघत आलेय."

मास्तर बाकावरून ओरडले, "अगं, क्लच कुठला ते तरी ठाऊक आहे का?"

"डावीकडचा. तुम्ही गप्प पडून राहा."

देवमननं हँडल मारलं. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली, तिसऱ्यांदा चालू लागली. सिंधूबाईंनी पहिला गिअर काही बदलला नाही. देवमन शेजारी बसून जीव मुठीत धरून म्हणत होता, "हळू बाई, हळू!" मागे मास्तर आधी कण्हत होते, मग हसू लागले. दवाखान्याच्या कुंपणाला जेमतेम न धडकता गाडी थांबली.

डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. मास्तर म्हणाले, "परतवाड्याचा ड्रायव्हर बोलावू आणि आजच घरी जाऊ."

"आजच कशाला?" सिंधूबाई म्हणाल्या. "मला अजून दुसरा गिअर यायचाय."

गाडी पुन्हा कड्याजवळ आली. मास्तर दारात पाय लांब करून चित्रं काढत बसत आणि सिंधूबाई सपाटीवर गाडीच्या फेऱ्या मारत. देवमन दुरूनच बघे. पुन्हा शेजारी बसायची त्याची तयारी नव्हती. संध्याकाळी तिघं स्टोव्हभोवती चहा पीत.

सूज उतरल्यावर घाटापुरता ड्रायव्हर आणला. परतवाडा मागे पडला, सपाट रस्ता लागला, तशा सिंधूबाई पुढे सरकल्या.

"भाऊ, तुम्ही उतरा आता. इथून मी नेते."

ड्रायव्हरनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "उतरा हो, ती ऐकायची नाही," आणि खिडकीचा पडदा बाजूला सारून मजेत बाहेर बघू लागले.