किशिनावची कल्हई

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोटाने गोल, मानेने आखूड, आणि तोंडावर आट्यांचं झाकण. झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला उलटा टांगा, एक थेंब सांडणार नाही. तुमच्या त्या रंगीत बाटल्यांनी आधी एवढं करून दाखवावं, मग माझ्याशी बोलावं. शाळेत मी गेलेलो नाही. पण पंचावन्न वर्षं माणसांबरोबर काढली आहेत, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला कळतं.

मित्रांनो, माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं आणि शुभाच्या वडिलांनी तिच्या लग्नात मला तिच्याबरोबर दिलं. शुभा आता घराची आजी आहे, पण मी तिला एकोणीस वर्षांची पाहिली आहे. मी तिला शुभाच म्हणणार. भंडारा ते नागपूर एसटीने जाताना ती माझ्यात ताक भरायची. आलं, जिरं, मीठ लावलेलं. शेजारच्या सीटवरची माणसं मागून प्यायची आणि म्हणायची, "बाई, असं ताक प्यायलो नाही." शुभा मान ताठ करून म्हणायची, "पिणार कुठून? ते मी करते." माझं नाव कोणी घेत नसे, पण चालायचं. काम होतं ना.

एक गोष्ट मात्र होती. पितळेला आंबट सोसत नाही. म्हणून आतून कथलाचा पातळ, चांदीसारखा थर द्यावा लागतो. त्यालाच कल्हई म्हणतात. ती झिजली आणि ताक पितळेला लागलं, की ताक कळकतं, हिरवं पडतं आणि माणसाला बाधतं. गावाकडे वर्षाला कल्हईवाला यायचा. भाता लावायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि मी आतून पुन्हा नवरा मुलगा व्हायचो.

मग शुभाचा मुलगा रवींद्र अमेरिकेत आला, न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला घर घेतलं, आणि वडील गेल्यावर आईला कायमचं घेऊन आला. शुभाने मला दोन लुगड्यांत गुंडाळून आणलं. इथे सगळं मिळतं. कढीपत्ता मिळतो, पुरणपोळी फ्रोझन मिळते. कल्हईवाला मिळत नाही. दोन वर्षांत माझी कल्हई उडाली. शुभाने आत बोट फिरवलं, काळं लागलं, आणि ती ताक स्टीलच्या भांड्यात करू लागली. सून प्रीता स्वभावाने चांगली, औषधांच्या कंपनीत केमिस्ट. तिने मला चकचकीत केलं, माझ्यात मनी प्लांट लावला आणि टीव्हीशेजारी ठेवलं. पाहुणे म्हणत, "वाऊ, अँटिक." सात वर्षं मी अँटिक होतो. मित्रांनो, जिवंतपणी फोटोला हार घालावा तसं वाटतं ते. गॅरेजचं दार वाजलं की मला वाटायचं, आता कुणीतरी निघालं, आपल्याला नेतील. कोणी नेत नसे.

गेल्या ऑक्टोबरात निघण्याची वेळ आली. नात उर्वी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या विद्यापीठात इतिहास शिकते, सोव्हिएत काळाचा. रवींद्रला पन्नास झाली आणि त्याला वाइनचं वेड. दोघांनी मिळून चार दिवसांची सहल काढली, मोल्दोव्हा देशातल्या किशिनाव शहराची. बापाला जमिनीखालची वाइनची तळघरं, लेकीला सोव्हिएत इमारती. प्रीताला रजा नव्हती आणि आजीला दिवसभर एकटी ठेवायची नव्हती.

"मला कुठेही बसवा," शुभा म्हणाली, "पण बाहेरचं पाणी मी बाटलीतून पिणार नाही. माझा तांब्या घ्या." आणि तिने मनी प्लांट उपटून प्रीताच्या हातात दिला.

नेवार्कच्या विमानतळावर तपासणीवाल्याने मला तीन वेळा यंत्रातून फिरवलं. झाकण उघडेना तेव्हा शुभाने त्याच्या हातातून मला घेतलं, एक झटका दिला आणि उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. "बघ. रिकामा आहे. आणि दुसऱ्याच्या भांड्याला असं आपटू नये." त्याला मराठी कळलं नाही, पण सूर कळला.

किशिनावला पहिल्याच दिवशी तळघर. मित्रांनो, ते तळघर नव्हे, जमिनीखाली गावच. रस्ते, रस्त्यांना वाइनची नावं, आत फिरायला छोटी गाडी, आणि भिंतीला कपाटंच कपाटं, त्यात धुळीने माखलेल्या बाटल्या आडव्या झोपलेल्या. मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. शुभाने कानटोपी घातली आणि म्हणाली, "लोणचं मुरवायलाही एवढी जागा लागत नाही." चवीला दिलेला पेला तिने बाजूला सारला. रवींद्र म्हणाला, "आई, इतकी सुंदर वाइन आहे, वाया कशाला घालवायची?" आणि ती उर्वीबरोबर पुढे वळताच तिचा पेला, आपला अर्धा, असं सगळं त्याने रिकाम्या माझ्यात ओतलं. झाकण बंद केलं. आपल्या पिशवीत टाकलं. ज्या मुलाला मी एसटीत ताक पाजलं, त्याने.

मी आतून जळत होतो. हलत होतो, पिशवीत आपटत होतो, पण तांब्याचं कोण ऐकतं? दुसऱ्या दिवशी दुपारी एका सोळा मजली रिकाम्या हॉटेलसमोर उर्वी फोटो काढत होती. "आजी, हे सोव्हिएत टाइमचं फेमस हॉटेल आहे. आता अबँडन्ड." शुभा म्हणाली, "माणूस निघून गेला की काँक्रीटही अँटिक होतं." तेवढ्यात रवींद्रने मला उघडलं आणि तोंडाशी नेलं.

शुभाला वास आला. तिने मला असं हिसकावलं की त्याच्या शर्टावर हिरवट-तांबडा ओघळ गेला.

"विष आहे ते, रव्या. केमिस्टशी लग्न केलंस, पण पितळेत आंबट ठेवू नये एवढं आठवलं नाही?"

"आई, मी विसरलो गं."

"विसरला नाहीस. सात वर्षं याला कुंडी म्हणून बघत होतास."

उर्वीने फोन लावला. पलीकडून प्रीता म्हणाली, "ते भांडं तिथेच टाका, प्लीज. इट्स टॉक्सिक. मी सीरियसली सांगतेय." शुभा कठड्यावर बसली, मला मांडीवर घेतलं आणि आत बोट घातलं. बोट हिरवं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मी याच्याशिवाय परत जाणार नाही. आणि असाही नेणार नाही."

उरला होता एकच दिवस; चौथ्या दिवशी सकाळीच परतीचं विमान होतं. त्या दिवशी उर्वीचं संग्रहालय ठरलेलं. तिथल्या कागदांसाठी ती तीन महिने पत्रं लिहीत होती. ती म्हणाली, "ओके आजी. मार्केटमध्ये बघू."

मोठा बाजार होता. उर्वीला रशियन येतं, पण कल्हईला इंग्रजीत काय म्हणतात तेच तिला ठाऊक नव्हतं, मग रशियनमध्ये काय सांगणार? ती म्हणाली, "भांडं दुरुस्त." एकाने भोकावर देतात तसा झाळणीचा डाग दिला पाहिजे म्हणून सांगितलं. दुसऱ्याने मला विकत मागितलं. तिसरा म्हणाला, नवीन घ्या. अकरा वाजले, बारा वाजले. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी आलुबुखार विकणाऱ्या एका जाड बाईसमोर शुभा थांबली. "सर बाजूला," ती उर्वीला म्हणाली. तिने मला जमिनीवर ठेवलं, लुगडं सावरलं आणि दोन्ही पाय जुळवून जागच्या जागी कमरेतून डावीकडे-उजवीकडे फिरायला लागली, कल्हईवाला मोठ्या पातेल्यात उभा राहून पायाने राख घासतो ना, तसं. मग तोंडाने भात्याचा आवाज काढला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, भर बाजारात. लोक थांबले. कोणी हसलं. उर्वी हळूच म्हणाली, "आजी, पीपल आर स्टेअरिंग."

"बघू दे. मी चोरी करत नाहीये."

जाड बाईने आलुबुखार खाली ठेवले. तीही पाय जुळवून तशीच फिरली आणि म्हणाली, "ग्रिगोरे."

ग्रिगोरे बाजारामागच्या गल्लीत बसायचा. ऐंशीचा, जातीचा तांबट, दारूच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी घडवणारा. त्याने मला उन्हात धरलं, आत बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. माझी मान अरुंद, आत हात जाणार नाही. आट्यांना कथील लागलं तर झाकण कधीच बसणार नाही. शुभाने बाजूची माती ओली केली आणि आट्यांवर बोटाने लिंपून दाखवली. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला आणि भाता ओढायला घेतला.

मी निखाऱ्यावर बसलो तेव्हा तो रशियनमध्ये बोलत होता, उर्वी लिहून घेत होती आणि आजीला सांगत होती. सोव्हिएत सरकारचा हुकूम आला होता की दारू बंद. गावात सगळ्यांना बोलावलं आणि त्याला सांगितलं, तुझी भांडी तूच फोड. चाळीस वर्षांचा होता तो. हातोडीने एकेक फोडलं. "कोणासाठी?" उर्वीने विचारलं. तो म्हणाला, "त्यांना कागदावर 'फोडली' म्हणून लिहिण्यासाठी." त्यानंतर कित्येक वर्षं त्याने हातोडी धरली नाही. नवसागर पडला, पांढरा धूर उठला. शुभा डोळे पुसत म्हणाली, "धूर फार आहे." धूर तेवढा नव्हता. त्याने पातळ झालेलं कथील माझ्यात ओतलं, सांडशीने धरून मला गरागरा फिरवलं आणि थंड पाण्यात बुडवलं. झाकण बसलं.

पण घरी प्रीता होती. "आई, त्या कथलात शिसं असेल तर? मी टेस्ट केल्याशिवाय कोणी पिणार नाही." शुभा म्हणाली, "कर की. तुझी परीक्षा, माझा तांब्या." प्रीताने सकाळी माझ्यात व्हिनेगर भरला आणि संध्याकाळपर्यंत ठेवला. आंबट. पोटात. अख्खा दिवस. शुभा स्वयंपाकघरात सतरा वेळा येऊन गेली आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "मी चहा करायला आले." चहा एकदाही झाला नाही.

सहा वाजता प्रीताने शिसं तपासायची कांडी बुडवली. शिसं असेल तर ती लाल होते. ती पांढरीच राहिली. तिने दुसरी बुडवली. तीही पांढरी. मग तिने मला तीनदा धुतलं, शुभाच्या ताकाचं भांडं उचललं, स्वतःच्या हाताने माझ्यात ओतलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत मला उचलून वरून धार धरली. अर्धं ताक ब्लाउजवर गेलं. उरलेलं प्यायली आणि थांबून म्हणाली, "आई, हे थंड आहे. फ्रिजमधलं असतं तसं नाही. वेगळंच."

"त्याचंच काम आहे ते," शुभा म्हणाली. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा तिने ते श्रेय मला दिलं.

मित्रांनो, आता ती आणि मी रोज बाहेर पडतो, लायब्ररीत, मंदिरात, बसस्टॉपवर. तरीही माझा जीव शांत नाही. तुमच्या घरात असं एखादं भांडं असेल तर नुसतं चिंचेने बाहेरून घासून फोटो काढू नका. आत बोट फिरवून बघा. काळं लागलं तर भांडं टाकू नका, काम जाणणारा माणूस शोधा. माझी कल्हई दोन वर्षं टिकेल, फार तर तीन. ग्रिगोरे ऐंशीचा आहे, आणि त्याच्या भात्याजवळ दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नाही.