मास्तरांनी सांगितलं होतं

आमच्यातला कोणी इथे परक्या मुलखात वारला, की त्याच्या पेटीआधी त्याच्या घरी आवाज पोहोचतात. ही रीत कोणी पाडली कोणास ठाऊक. सगळे एका खोलीत जमतात, फोन हातोहात फिरतो आणि जो तो मयताच्या बायकोसाठी दोन शब्द रेकॉर्ड करतो. माणूस कसा होता, कोणाच्या उपयोगी पडला, शेवटच्या दिवशी काय जेवला. तिकडे बाईला निदान एवढं तरी कळतं, की नवरा अगदीच अनोळखी लोकांत मेला नाही.

पैलवान सतराव्या मजल्यावरून पडला, त्यानंतरच्या रविवारी फोन माझाच होता. नऊ जण पलंगांवर दाटीवाटीने बसले होते. पैलवानाच्या पलंगावर मात्र कोणी बसलं नव्हतं. त्याच्या व्यायामाच्या मुगदलांच्या जोड्या तशाच खाली सरकवलेल्या होत्या. बहुतेकांना दोन वाक्यांच्या पुढे जाता येईना. मी म्हणालो, फार हसरा माणूस होता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे करून माझ्या स्वतःच्या पदरात एवढंच उरलं होतं.

मग फोन रेडिओकडे गेला. हा आमच्यातला बोलका, झोपेतसुद्धा बडबडतो म्हणून हे नाव. त्या दिवशी मात्र त्याने आधी नाक पुसलं, पाणी प्यायला, आणि मग सरळ बोलला.

"वहिनी, कंपनीने कागदावर लिहिलंय की पैलवान पिऊन कामावर आला होता. साफ खोटं. आम्ही चहा प्यायचो तेव्हा तो दूध प्यायचा. त्याच्या पट्ट्याचं बक्कल धरत नव्हतं. मी तीन वेळा सांगितलं होतं. मास्तरांनी साहेबांना सांगितलं होतं. पोरांना सांगा, तुमचा बाप शुद्धीत होता."

मास्तर म्हणजे मी. गावी दोन वर्षं शाळेत शिकवलं, त्याचं हे शेपूट. उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या या कंपनीत मी दुभाषी आहे. रोज सकाळी गच्चीवर साहेब सूचना देतो, त्या मी मराठीत सांगतो, आणि माणसांचं म्हणणं साहेबाच्या भाषेत. साहेबाचे शब्द मी जसेच्या तसे खाली उतरवतो. माणसांचे शब्द वर नेताना त्यांचे काटे काढतो. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की साहेबाला काटा टोचला तर तो बोलणाऱ्याला नाही, आणणाऱ्याला झटकतो.

रेडिओ म्हणाला होता, "त्याला सांगा, बक्कल सुटतंय. माणूस मरेल, म्हणावं."

मी साहेबाला म्हणालो होतो, "पट्टे जरा जुने झालेत. सवड मिळाली की एकदा बघून घ्यावेत."

"बघू," साहेब म्हणाला.

"सांगितलंत ना?" रेडिओने विचारलं.

"सांगितलं."

असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी सांगायचं कारण उरलं नाही.

आपण आपल्या खोलीत आपल्या भाषेत बोललो, म्हणजे दार लावून बोललो, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण तिकडे वहिनीच्या भावाचं रक्त उसळलं. त्याने रेडिओचं बोलणं कंपनीच्या नावासकट सगळ्या जगाला पाठवून दिलं. त्याचं तरी काय चुकलं? आठवड्याभरात ते फिरत फिरत साहेबाच्या टेबलावर आलं, आणि रेडिओला परवाना कचेरीतून सुनावणीची चिठ्ठी आली.

इथे परदेशी माणसाने तोंड उघडायला बंदी आहे, असं नाही. तसं म्हटलं तर इथल्या लोकांना वाईट वाटतं. नियम एवढाच, की आधी कंपनीकडे तक्रार करावी. तिने ऐकलं नाही, तर मग खुशाल बोलावं. तक्रार न करता चारचौघांत बोललं, तर तो उपद्रव. उपद्रवी माणसाचा परवाना रद्द, आणि पुन्हा या देशात पाऊल नाही.

"मग मला कसली भीती?" रेडिओ म्हणाला. "तीन वेळा तक्रार केलीय. आणि दुभाषी म्हणून आपले मास्तरच हवेत, असं मी लिहून दिलंय. दुसरा कोणी आला तर काय वाटेल ते सांगेल."

त्याच दिवशी साहेबाने मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"पट्ट्याबद्दल मला कोणीच काही बोललं नव्हतं," तो म्हणाला. "तुला काही आठवतं का?"

उत्तराची वाट न बघता तोच पुढे म्हणाला,

"तुझाही परवाना याच महिन्यात संपतोय ना? मुलगी कितवीत आहे?"

"दहावीत."

"हुशार आहे म्हणतात," साहेब म्हणाला आणि कागद चाळू लागला.

माझं बिऱ्हाड इथेच आहे. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, पोरीला आपली लिपीसुद्धा धड वाचता येत नाही. तिकडे नेऊन तिला कुठल्या शाळेत घालणार आहात?" मग शेवटची घडी ठेवून म्हणाली, "रेडिओभाऊजी एकटे आहेत. त्यांचं कसंही निभेल." हे बोलल्यावर ती रडली. मी तिला दोष देत नाही. तिने तोंडाने म्हटलं, ते मी आधीच मनाशी ठरवून बसलो होतो.

कचेरीतली खोली लहान होती. टेबलामागे एक अधिकारी बाई, अगदी सभ्य. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला रेडिओ आणि मी. रेडिओने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. त्याच्या बोलण्याचं भाषांतर मी आदल्या दिवशीच लिहून दिलं होतं. चोख होतं. बक्कल होतं, दूध होतं, "साफ खोटं" तर मी जसंच्या तसं उतरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकही काटा काढला नव्हता. माझ्या नावाचं एक वाक्य तेवढं गाळलं होतं.

बाईंनी विचारलं, "हे बोलण्याआधी तुम्ही कंपनीकडे तक्रार केली होती का?"

मी ते मराठीत विचारलं. रेडिओचा चेहरा खुलला.

"केली होती की! तीन वेळा. मास्तरांनी माझ्यासमोर साहेबांना सांगितलं. हे काय, हेच ते मास्तर!" आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी बाईंना म्हणालो, "तो म्हणतो, आम्ही आपसात बोललो होतो."

"मग तुमच्या खांद्यावर हात का ठेवला?"

"मला म्हणतोय, नीट समजावून सांग."

बाईंनी लिहून घेतलं. साहेब खिडकीबाहेर बघत होता. रेडिओ माझ्याकडे बघून हसला आणि त्याने हळूच विचारलं, "सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हणालो. आणि खोटं कशाला बोलू, भीतीच्या खाली थोडं हायसंही वाटत होतं. त्याची लाज अजून जात नाही.

तीन दिवसांनी त्याला विमानतळावर न्यायला गाडी आली. तो बॅगेवर गुडघा रोवून चेन लावत होता. त्याला राग नव्हता, नुसता कोड्यात पडला होता.

"मास्तर, सगळं सांगूनही त्यांनी ऐकलं नाही म्हणजे कमालच झाली. तुम्ही तरी किती डोकं फोडणार?" जाताना पैलवानाच्या मुगदलांच्या जोड्या त्याने माझ्या हवाली केल्या. "माझ्या बॅगेत एवढं वजन बसत नाही. वहिनीकडे पोहोचवा. आणि कधी जमलं तर दोन ओळी लिहून द्या, की तुम्ही साहेबांना सांगितलं होतं. तिच्या पोरांना दारुड्याची पोरं म्हणतात हो."

मी हो म्हटलं. त्याला सहा महिने झाले. माझा परवाना नवा झाला, पोरीची परीक्षा उत्तम गेली. मुगदलांच्या जोड्या माझ्या पलंगाखाली आहेत.

आज सकाळी गच्चीवर वारा होता. रेडिओच्या जागी आलेला माणूस तसा घुमाच, दिवसभरात दोन शब्द बोलत नाही. दोरांना टांगलेल्या झुल्यात पाय टाकण्याआधी तो माझ्याजवळ आला आणि त्याने कमरेचा पट्टा दाखवला. टाके उसवले होते, बोट आत जात होतं.

"मास्तर, हा बदलून द्यायला सांगा ना साहेबांना."

साहेब चार पावलांवर उभा होता. त्याने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतोय?"

"आज वारा जास्त आहे म्हणतोय," मी म्हणालो.

"दुपारी कमी होईल."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हणालो, आणि तो कठड्यावरून खाली उतरला.