दिघीचा फळा आणि तुळशीची परीक्षा

मी फळा बोलतोय, आणि जरा ताठ्यातच बोलतोय. दिघीच्या शाळेत यायच्या आधी मी मचव्याची फळी होतो. मचवा खडकावर फुटला, तेव्हा दत्तात्रेय मास्तरांनी मला किनाऱ्यावरून उचललं, रंधा मारला आणि करवंटीचा कोळसा वाटून अंगाला फासला. समुद्र सुटला म्हणून थोडे दिवस तोंड पाडून होतो. मग खडूची गोडी लागली.

ही यंदाची, १९३१ सालची गोष्ट. दुपारी मुलं घरी गेली की मास्तर मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. त्यात टिकली एकटी कोळीवाड्यातली तुळशी. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. श्रीवर्धनच्या दवाखान्यातली डॉक्टरीण मडम एका बाईला सुईणीचं शिक्षण घ्यायला मुंबईला पाठवणार होती, पण तिथे सगळं इंग्रजीतून. तुळशीने हट्टच धरला, "माजी भैन गेली. आता वाड्यातली आनखी कुनाची जाऊ द्यायची न्हाय मला."

मास्तर माझ्यावर उलटेसुलटे शब्द लिहायचे, ते तिने ओळीत लावायचे. मराठीत क्रियापद बिचारं शेवटी येतं, इंग्रजीत मध्येच घुसतं. "आय सेल फिश" लावताना ती अडली. "मी, इकते, मासली? अवो मास्तर, मासली टोपलीत यायच्या आधीच इकायची?" मास्तर हसून हसून बेजार!

काळ मात्र तिला चटकन जमले. मासळी वाळत घालतानाही म्हणे "आय गो, आय वेन्ट, आय शॅल गो" चालायचं. तिचा नवरा गुणाजी चिडवायचा, "रोज जाते जाते करतेस, हाईस तं हितंच!"

मग मडम परीक्षा घ्यायला आली. गुणाजी दाराशी उभा. मडमने माझ्यावर शब्द लिहिले, तुळशीने झरझर लावले. काल काय केलंस, उद्या काय करशील, सगळ्याची उत्तरं बरोबर. माझी छाती फुगली. शेवटी मडमने सगळ्यात सोपा प्रश्न विचारला, नवऱ्याचं नाव काय?

तुळशीने पदराचं टोक दातात धरलं.

अहो, आपल्याकडे नवऱ्याचं नाव कोणती बाई तोंडाने घेते? मडमला ते काय ठाऊक! तिला वाटलं, हिला प्रश्नच कळला नाही. मास्तर सांगायला उठले, तर मडमने हाताने त्यांना बसवलं. पुन्हा विचारलं. तुळशीने दाराकडे पाहिलं. मडमने पेनाला टोपण लावलं आणि ती उठायला लागली. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

तेवढ्यात तुळशीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लग्नात बोलतात तशी ठसक्यात बोलली,

"यस्टर्डे ही वेन्ट टु सी,
टुडे ही इज वेटिंग फॉर मी,
टुमारो आय शॅल लर्न, यू सी,
माय हजबंड्स नेम इज गुणाजी!"

काल तो समुद्रावर गेला, आज माझी वाट बघतोय, उद्या मी शिकणार! "अगं, इंग्रजीत उखाणा!" मास्तर ओरडलेच. गुणाजी लाजून अंगणात पळाला. मास्तरांनी रीत समजावून सांगितली, तेव्हा मडम डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "हीच जाणार मुंबईला."

तुळशी आगबोटीत बसून गेली. मला तिची फार आठवण येते, पण मी खूश आहे.

आता दुपारी माझ्यासमोर गुणाजी बसतो. जाळं ओढणारा हात तो, खडू असा दाबतो की माझी सालं निघतात. मास्तरांनी विचारलं, "तुला रे कशाला हवं इंग्रजी?"

"वा! ती परत आली न् माज्याशी इंग्रजीत भांडली, तं मला कलाय नको?"

तेव्हा मंडळी, कधी शाळेवरून गेलात तर आत डोकावा, पण त्याला हसू नका. घाईत आहे बिचारा.