रिक्तिकेच्या काठावर

मंगळवारी दुपारी मी तंबाखूच्या पानातल्या एका पेशीत उतरले. पान काचपट्टीवर होतं, मी सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. तोल गेला, इतकंच. एक चप्पल बाहेर राहिली.

त्या पानाला विषाणूची लागण मीच केली होती. विषाणूच्या नकला काढणारी प्रथिनं पेशीत नेमकी कुठे बसतात, हा माझा तीन वर्षांचा प्रश्न. ती दिसावीत म्हणून त्यांना हिरवी चमक जोडली होती. माझे मार्गदर्शक निगुडकर सर म्हणायचे, केंद्रकात. त्यांनी तसं छापूनही टाकलं होतं.

म्हणून मी आधी केंद्रकात गेले. दार ढकललं. आत कोणीही नव्हतं.

मग रिक्तिकेकडे गेले. पेशीच्या मधोमध पसरलेली ती पाण्याची पिशवी. तिच्या पातळ पडद्यावर, काठाकाठानं, सगळी बसली होती. हिरवीगार, खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून नकला उतरवत.

"इथेच बसता?" मी विचारलं.

"इथंच," जवळचं प्रथिन म्हणालं. "तरंगत राहिलं की काम होत नाही. टेकायला काहीतरी लागतं."

वर भिंगात सरांचा डोळा आला, तळ्याएवढा.

"चारुशीला, केंद्रक लिही आणि वर ये."

"केंद्रक रिकामं आहे, सर. मी आत जाऊन आले."

"फरजानानं लिहिलंच ना?"

फरजाना मुजावर माझ्या आधी याच टेबलावर होती. तिला पदवी मिळाली, आणि तिनं माझे फोन घेणं बंद केलं.

"तिनंही हेच पाहिलं होतं, सर. मला दाखवलं होतं."

पेशीची भिंत हातभर आत सरकली.

"आता सांग, प्रथिनं कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

"पडद्यावर."

भिंत आणखी हातभर आली. माझे गुडघे छातीला लागले. प्रथिनं जरा सरकली, मला जागा झाली. मी बसले. बोटांची टोकं हिरवी झाली होती. मी ती पुसली नाहीत.

"प्रबंधावर सही माझी लागते," सर म्हणाले.

"लागते ना. तरी पडद्यावरच."

भिंत पाठीला टेकली. सर नीट बघायला आणखी खाली वाकले. त्यांच्या बुबुळाच्या काठावर एक हिरवा ठिपका येऊन बसला, आणि त्यानं शेजारी दुसऱ्यासाठी जागा केली.