दोनाच्या आधीचं शून्य

विषयाचं पूर्ण नाव ‘अ‍ॅनलॉग आणि डिजिटल संदेशवहन’. आस्गर त्यातल्या ‘आणि’पर्यंत बऱ्यापैकी पोचला होता.

पहिल्या तोंडी परीक्षेत प्रश्नांच्या चिठ्ठ्यांतून त्याला डिजिटलची चिठ्ठी आली आणि तो इतका वेळ गप्प बसला, की बाहेरून आलेल्या परीक्षकानं त्याच्यासाठी पाणी मागवलं. दुसऱ्या परीक्षेत त्यानं धडा घेतला आणि अखंड बोलला. पण आजोबांच्या मासेमारीच्या बोटीवरच्या रेडिओबद्दल, ज्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आता तिसरी वेळ. डेन्मार्कात तीनदा बसू देतात. तिसऱ्यांदा नापास झालं, की अभ्यासक्रमातून नाव कमी होतं आणि माणूस घरी जातो. आस्गरच्या घरी डुकरं होती, त्यामुळं तिथं कामाची वाण नव्हती. पण त्याला रेडिओच हवा होता.

“हे बघ,” वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात राय धान्याच्या पावावर लिव्हरची पेस्ट फासत टूवे म्हणाली. टूवे त्याच्याच वर्गातली. तिला हा विषय पहिल्याच फटक्यात सुटला होता आणि ती ते विसरू देत नसे. “अ‍ॅनलॉग म्हणजे उतरण. डिजिटल म्हणजे जिना. उतरणीवर माणूस कुठंही उभा राहतो. जिन्यावर एकतर ही पायरी, नाहीतर ती. मध्ये लोंबकळता येत नाही.”

“मी लोंबकळतो की.”

“तू लोंबकळत नाहीस, आस्गर. तू खालच्या पायरीवर झोपतोस. आवाजाची प्रत्येक उंची जवळच्या पायरीवर बसवायची, याला म्हणायचं क्वांटायझेशन. बसवताना जो फरक पडतो तो गेला. कायमचा. पुढं कितीही भारी यंत्र लाव, परत येत नाही. कळलं?”

“कळलं. पण दोन परीक्षकांचं एकमत झालं नाही तर काय होतं, माहितीय तुला?”

“नाही.”

“नियमावलीत दिलंय. आधी दोघांची सरासरी, आणि ती जर—”

“देवा! तू पुस्तकापेक्षा नियमावली जास्त वाचलीस!”

“नियमावली लहान आहे,” आस्गर म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तो विद्यापीठाच्या इमारतीत पोचला, तर खोलीबाहेरच्या बाकावर आई बसलेली. बियाटे तिचं नाव. मांडीवर केकचा मोठा डबा, पायाशी बर्फाचे बूट, आणि हातात कागदी झेंड्यांचा जुडगा. डेन्मार्कात झेंड्याला कारण लागत नाही. वाढदिवस असो, विमानतळावरून मावशी येवो, मांजर दवाखान्यातून सुटो.

“आई, तू कशाला आलीस?”

“तुझे बाबा येणार होते. पण डुकरांना परीक्षेचं महत्त्व पटत नाही.”

“आणि हा केक?”

“मलईचा आहे. जास्त वेळ टिकायचा नाही, तेव्हा लवकर आटप.”

त्यानं झाकण किंचित उचललं. केकवर चॉकलेटनं ठळक लिहिलं होतं: 12.

आस्गरनं झाकण हळूच खाली ठेवलं. इथली गुणांची पट्टी म्हणजे बारा, दहा, सात, चार, शून्य दोन, शून्य शून्य आणि उणे तीन. मधले आकडे नाहीत, आणि का नाहीत हे विचारायची पद्धत नाही. शून्य दोनाला माणूस पास होतो. त्या दोनाच्या आधी शून्य लिहितात, कारण नुसता दोन घरी जाईपर्यंत कुणीतरी त्याच्याआधी एक काढायचा आणि पोरगं वर्गात पहिलं यायचं. सरकारचा आपल्या तरुण पिढीवर एवढा विश्वास आहे.

“आई, बारा?”

“बेकरीवाल्यानं विचारलं काय लिहू. सगळ्यात चांगला कुठला ते त्यालाच विचारलं.”

आत टेबलावर हिरवं कापड होतं आणि पलीकडं दोघं. एक प्रेबेन, विषय शिकवणारा. त्याला सगळे नावानं हाक मारत आणि अरेतुरे करत, आणि तरीही घाबरत. दुसरी इंगेर, कुठल्याशा श्रवणयंत्रांच्या कारखान्यातून बाहेरची परीक्षक म्हणून आलेली, स्वेटर विणावा तशा शांतपणे कागदावर काहीतरी काढत बसलेली.

आस्गरनं चिठ्ठी उचलली. क्वांटायझेशन.

तो बोलायला लागला. उतरण, जिना, पायरी. टूवेचा प्रत्येक शब्द जागच्या जागी आला, तिचा तुसडेपणाही थोडा आला. प्रेबेननं भुवई उचलली.

“ठीक. पायरी अर्धी करायची तर एक बिट वाढवावा लागतो. त्यानं गोंगाट किती डेसिबलनं दबतो?”

“तीन.”

“सहा.”

“सहा,” आस्गर म्हणाला, जणू प्रेबेनचं उत्तर त्यानं तपासून मान्य केलं होतं.

“सगळ्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या असतात का?” इंगेरनं विचारलं.

“नाही.”

“उदाहरण दे.”

उदाहरण पुस्तकात होतं. डाव्या पानावर, आकृतीखाली. आकृती डोळ्यांसमोर आली, पान आलं, पानावर सांडलेली कॉफी आली. उदाहरण आलं नाही. प्रेबेनचा हात सवयीनं पाण्याच्या जगकडं गेला.

टेबलावर गुणपत्रक पडलं होतं. आस्गरच्या बाजूनं ते उलटं दिसत होतं, पण आकडे ओळखीचे होते.

“ही,” तो म्हणाला. “तुमची पट्टी.”

“कुठली पट्टी?”

“गुणांची. आमच्या डोक्यात जे असतं ती उतरण असते. तुम्ही त्याला सात पायऱ्यांवर बसवता. बारा आणि दहा जवळ, मग सात आणि चार लांबलांब, खाली चार, शून्य दोन, शून्य शून्य पुन्हा जवळजवळ.”

प्रेबेननं हात जगवरून काढला. “हा विनोद आहे का?”

“नाही. मला विनोद परवडत नाही, प्रेबेन. तिसरी वेळ आहे.”

इंगेरनं पेन्सिल ठेवली. “पायऱ्या जवळजवळ कुठं ठेवायच्या असतात?”

“जिथं चूक महागात पडते तिथं. शून्य दोन आणि शून्य शून्यच्या मध्ये माझी डुकरं आहेत.”

“आणि दोनाच्या आधीचं शून्य?”

“ते माहिती म्हणून नाही, संरक्षण म्हणून. वाटेत कुणी आकडा बिघडवला तर पकडता यावा. वाट म्हणजे इथून माझ्या आईपर्यंत.”

“फोनवरच्या आवाजाचं सांग,” प्रेबेन म्हणाला. “परीक्षा फोनची आहे, आईची नाही.”

आणि मग उदाहरण आलं, घाईनं, अर्धवट कपड्यांत. माणूस बहुतेक वेळ हळू बोलतो, म्हणून हळू आवाजाला बारीक पायऱ्या, ओरडण्याला मोठ्या. सूत्र मात्र आलं नाही. प्रेबेननं सूत्रच मागितलं. वेळ संपली.

बाहेर आईनं त्याला बाकावर जागा करून दिली आणि एक झेंडा त्याच्या हातात दिला. तो आस्गरनं खाली धरला. दार जाड होतं, तरी आतून प्रेबेनचा आवाज येत होता. शब्द नाही, नुसता चढउतार. इंगेरचा येतच नव्हता. प्रेबेन पुन्हा चढला.

दार उघडलं. तो आत गेला.

“बस,” प्रेबेन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “आमचं जमलं नाही. माझे शून्य शून्य. सूत्राशिवाय अभियंता मला पाहवत नाही. हिचे शून्य दोन. सरासरी?”

“एक.”

“पट्टीवर एक आहे?”

“नाही. शून्य शून्य आणि शून्य दोनच्या बरोबर मधोमध पडतो.”

“मग अशा वेळी काय करतात?”

“नियम बघतात,” आस्गर ताबडतोब म्हणाला. “बाहेरच्या परीक्षकानं जास्त दिले असतील तर वरच्या पायरीवर. नसतील तर खालच्या.”

प्रेबेननं इंगेरकडं पाहिलं, मग छताकडं. “सकाळपासून हे एकच उत्तर यानं न अडखळता दिलं.”

“आणि बरोबर दिलं,” इंगेर म्हणाली. “लिही.”

प्रेबेननं संगणकात 02 भरले. शून्यासकट.

“काय झालं?” दाराबाहेर आई उभीच होती.

“पास. शून्य दोन.”

आईनं त्याला मिठी मारली, मग डुकरांकडं फोन लावला. पलीकडं एवढा कलकलाट होता, की “पास!” एवढंच पोचलं आणि तेवढ्यावर बाबांचं भागलं. मग तिनं झाकण काढलं आणि केककडं पाहत थोडा विचार केला. पिशवीतून नाताळच्या उरलेल्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यातलं एक गोल, मध्ये भोक असलेलं व्हॅनिलाचं बिस्किट तिनं केकवरच्या बारातल्या एकावर नेमकं दाबून बसवलं.

02.

तेवढ्यात दोघं परीक्षक कोट चढवत बाहेर आले. प्रेबेन केकपाशी थबकला. बिस्किटाखालून एकाचं टोक डोकावत होतं.

“हा आकडा बदललाय.”

“मीच बदललाय,” बियाटे म्हणाली. “बंदी आहे का?”

“दोनाचे बारा करायला आहे,” प्रेबेन जरा आठवून म्हणाला. “बाराचे दोन आजवर कुणी केले नव्हते.”

“मग बस आणि खा. मलई थांबत नाही.”

प्रेबेन बसला. इंगेरला घाई होती, तिची गाडी सुटणार होती. तिनं उभ्याउभ्याच वाकून बिस्किट उचललं आणि तोंडात टाकलं.

खाली चॉकलेटचा एक जसाच्या तसा होता.

प्रेबेननं आस्गरकडं पाहिलं. आस्गरनं गुपचूप डब्यातून दुसरं बिस्किट काढून जागेवर ठेवलं.