डाग देणारी काडी

मी छत्रीची एक जुनी काडी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो! रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत निम्म्या मनगटांवर माझीच खूण आहे.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. आम्ही आठ बहिणी एका काळ्या कापडाखाली राहायचो. आनंदीबाईंच्या नवऱ्याने आम्हांला गावी आणले आणि दुसऱ्याच वर्षी मिरकरवाड्याच्या जेटीवर वाऱ्याने छत्री उलटी करून टाकली. बहिणी उकिरड्यावर गेल्या. मला मात्र आनंदीबाईंनी उपटून घेतले, टोक वाकवले आणि चुलीजवळच्या भिंतीत खोचून ठेवले.

आनंदीबाई काविळीवर डाग द्यायच्या. मला निखाऱ्यांत लाल करून रोग्याच्या मनगटावर टेकवायच्या. चर्र आवाज झाला की भला दांडगा गडीसुद्धा किंचाळायचा. खोटे कशाला बोलू? मला ते फार आवडायचे. जे आपोआप बरे व्हायचे ते माझे गुण गायचे, आणि कुणी मेलेच तर "उशीर केलात" असे म्हणून आनंदीबाई मोकळ्या! माझा तोरा काय विचारता!

यंदा, १९८४ साली, काविळीची मोठी साथ आली. वाडीतली तीन तरुण पोरे गेली. त्यांत राहीच्या वर्गातली विमला होती. राही सतरा वर्षांची, बारावीला. तिने जो धसका घेतला तो घेतलाच. पाणी दोनदा उकळून घ्यायची आणि तरी प्यायची नाही. ताट समोर आले की तिला मळमळायचे, छाती धडधडायची. दिवसातून वीस वेळा आरशासमोर पापण्या ओढून बघायची आणि आईच्या मागे लागायची, "आये, माझे डोळे बघ गो. पिवळे झालेत?" हे सगळे तिच्या आईनेच, गोदाने, आनंदीबाईंना सांगितले. बिचारी पार कंटाळली होती, म्हणून एका सकाळी राहीला घेऊन आली. सोबत धाकटी मैना होती, पंधरा वर्षांची.

आनंदीबाईंनी राहीचे डोळे पाहिले. "पांढरेस्वच्छ आहेत गो हिचे."

"तरी पण देऊन टाका काकी," गोदा म्हणाली. "भीती तरी जाईल मेलीची."

"नको गो आये! मी जेवेन, खरंच जेवेन!"

गोदाने हात धरला, मैनाला पाय धरायला लावले, आणि मी माझे काम केले. राहीची किंकाळी ऐकून मैना अशी पळाली की अंगणात जाऊन ओकली. मी मनात हसले. म्हटले, बघा ही भित्री भागूबाई!

महिन्याभराने राही एकटीच आली.

"मैना गेली, काकी."

"अरेरे!" आनंदीबाई हळहळल्या. "तुला डाग दिला म्हणून तू वाचलीस. तिलाही वेळेत आणायची होतीत."

"मला काय झालंच नव्हतं!" राही ओरडली. "कावीळ तिला झाली होती. लघवी पिवळी होते म्हणून मला सांगितलान तिने. 'आयेला सांगू नको, मलाही ती काडी लावतील,' म्हणत माझ्या पाया पडली. माझा हात तेव्हा पिकला होता, काकी. तिला कशी आणू इथे? आठ दिवस मी गप्प राहिले. सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती."

मग तिने दुसरा हात पुढे केला. "ह्याच्यावर द्या. तिच्या वाटणीचा."

आनंदीबाईंनी मला निखाऱ्यांत घातले. या खेपेस राही ओरडली नाही. मला मात्र ओरडावेसे वाटले. माझ्या सबंध आयुष्यात तसे कधी झाले नव्हते.

आणि गोदा? ती वाडीभर सांगत फिरते आहे, राहीला डाग दिला म्हणून ती वाचली, मैनाला नाही दिला म्हणून गेली. लोकांना ते पटले. अंगणात रांग लागली आहे.

मित्रांनो, एवढे ऐका. कुणी "माझे डोळे बघ" म्हणाले तर कंटाळू नका, जवळ बसा, काय होतेय ते विचारा. दुखणे सांगायला कुणाला तुमची भीती वाटेल असे वागू नका. आणि मला उचलून खाडीत फेका. जरा लवकर या. आनंदीबाई निखारे फुंकत आहेत, आणि रांगेतली पहिली मुलगी सात वर्षांची आहे.