माहेरी ठणठणीत

माझ्या सुनेला आजार नाही, नखरे आहेत, हे मी लग्नानंतर वर्षाच्या आतच ठरवून टाकलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. आमचे हे गेल्यापासून क्रांती चौकाजवळचं घर माझ्याच शब्दावर चालतं. मुलगा शिवराज वाळूजच्या कंपनीत पन्नास माणसांवर हुकूम चालवतो, पण घरात माझ्यापुढे तोंड उघडत नाही.

सून काही परकी नव्हती. श्रेया माझ्या सख्ख्या भावाची, पिशोरच्या बद्रीनाथची मुलगी. आमच्यात भावाची लेक सून करून आणतात, तशी मीच हौसेने मागून आणली. आली तेव्हा चांगल्या अंगाची होती, सहा महिन्यांत वाळली. जेवण झालं की पोट फुगायचं, दिवसातून चार-पाच वेळा संडासला पळायची, तोंड सारखं आलेलं, जिना चढली की धाप. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा. गल्लीतल्या डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं, कशाचाही उपयोग झाला नाही. मग मीच कंबर कसली. साजूक तुपातला शिरा, गव्हाच्या पिठाचे डिंक घातलेले लाडू, दुधातल्या शेवया, आणि दोन्ही वेळ गरम पोळी. समोर बसून खायला लावायची मी. "अजून एक घे, अंगाला लागू दे." तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, आत्याच्या मायेने पोरीला भरून आलं.

आणि हीच पोरगी माहेरी गेली की पंधरा दिवसांत उठून बसायची! बद्रीनाथने एकदा फोनवर फोटो पाठवला. मक्याच्या शेतात उभी राहून खदाखदा हसत होती. माझं डोकंच फिरलं. सासरी अंथरुणात आणि माहेरी ठणठणीत, असा कुठला आजार असतो? एसटीत बसल्यावर उतरणारा? मी शेजारणींना सांगितलं, नणंदेला सांगितलं, आणि शेवटी बद्रीनाथलाही फोनवर सुनावलं, "तुझ्या लेकीला इथं नांदायचं नाही. तसं असंल तर सरळ सोडचिठ्ठीचं बोलू."

"सुरेखे, तू माझ्या पोरीला उपाशी ठेवती का काय?" तोही चिडला. "आमच्या घरी चार दिसांत गालावर रंग येतो तिच्या."

"उपाशी? तिच्यासाठी तुपाचा डबा महिन्याला संपतोय माझा!"

बराच आवाज चढला दोघांचा. अखेर ठरलं की पोरीला एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. काही निघालं नाही, तर बद्रीनाथ तिला कायमची घेऊन जाईल. शिवराज शेजारीच बसला होता. तो मोबाइलकडे बघत राहिला.

पोटाच्या डॉक्टर वैदेही वयाने लहान, बोलायला शांत. त्यांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली, दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला आणि आठ दिवसांनी बोलावलं. आम्ही चौघं गेलो. श्रेया, बद्रीनाथ, शिवराज आणि मी. रिपोर्ट चांगला येणार याची मला इतकी खात्री होती की बाहेर पडल्यावर भावाला काय बोलायचं, ते मी रिक्षातच जुळवून ठेवलं होतं.

"श्रेयाला सिलिअ‍ॅक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तिला गहू चालत नाही."

मला वाटलं, अपचन म्हणतायत. "म्हणजे जड पडतो का?"

"जड नाही. गव्हातल्या एका प्रथिनाला तिचं शरीर शत्रू समजतं आणि ते पोटात गेलं की स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तीच अन्न शोषून घेते. हिची लव सपाट झालीय. हिने कितीही खाल्लं तरी ती उपाशीच होती."

"आणि पोळी?" मी विचारलं.

"पोळी, शिरा, शेवया, रवा, मैदा, बिस्किट, सगळं बंद. डब्यातल्या हिंगातसुद्धा पीठ मिसळलेलं असतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, नाचणी चालेल. फक्त गिरणीत गव्हावर दळून आणू नका. याला औषध नाही. जन्मभर गहू बंद, हाच उपाय."

एक-एक लाडू डोळ्यांसमोर आला. त्या पोरीला कोणी छळत नव्हतं, कोणी उपाशी ठेवत नव्हतं. मीच तिला रोज दोन वेळा, समोर बसून, आग्रह करकरून, ताटात आजार वाढत होते. तिच्या डोळ्यांतलं ते पाणी मायेचं नव्हतं. आत आग पडायची तिच्या.

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न सहज विचारला. "हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. तुमच्या घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?"

"छे!" मी लगेच म्हणाले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"मोठ्या आत्याला," श्रेया हळूच म्हणाली.

बद्रीनाथने मान खाली घातली. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला दगडाबाई आठवली.

दगडाबाई ही माझी थोरली बहीण. अक्का म्हणते मी तिला. तिला पाचोडला दिली होती, बागायती घरात. आमच्या पिशोरात तेव्हा गहू सणालाच दिसायचा, एरवी भाकरी; बद्रीनाथकडे अजूनही तेच. तिकडे दोन्ही वेळ पोळी, म्हणून आमची आई गावभर मिरवायची. पण अक्का तीनदा परत आली, काडी झालेली, आणि तिन्ही वेळा आमच्याकडे बरी झाली. सासरच्यांनी बैठक बोलावली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, खरं सांग. इथं जेवती का तुझी बहीण?"

"व्हय," मी म्हणाले. "दोन-दोन भाकरी खाती. इथं कायबी दुखत नाय तिचं."

सगळी बैठक हसली. "झालं तर मग," म्हातारा म्हणाला. ढोंग ठरलं. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याने दुसरी केली आणि अक्का जी पिशोरला राहिली ती राहिलीच. चाळीस वर्षं झाली.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा खरं तेच सांगितलं होतं. आज एखादं पोर असं बोललं असतं तर मी लगेच हीच तपासणी केली असती."

ज्या वाक्यावरून अक्काचा आजार ओळखता आला असता, त्याच वाक्यावर तिचा संसार मोडला होता. आणि ते वाक्य माझं होतं. चाळीस वर्षांनी तेच वाक्य मी शहरभर सांगत फिरत होते, तिच्याच भाचीबद्दल.

श्रेया दवाखान्यातूनच बापाबरोबर पिशोरला गेली. मला सोडचिठ्ठी नको होती आता, मला माझी सून परत हवी होती. आठ दिवस कसेबसे काढले आणि एकटीच एसटीत बसले.

अक्का ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, बैठकीचं सांगितलं, रडले. तिने सूप खाली ठेवलं.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पोळी खाल्ली की दुखतंय, भाकरी खाल्ली की नाय. त्याला डॉक्टर कशाला लागतोय? सासूला म्हणलं, मला भाकरी द्या. तिला वाटलं, त्यांच्या बागायती घराला नावं ठेवती मी. बैठकीत बी म्हणलं. कोणी ऐकलं नाय. तवापासून गहू तोंडात घेतला नाय मी."

आम्ही भावंडं लोकांना सांगायचो, अक्काचा कसलासा नेम आहे म्हणून. तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

"ल्हानपणी पोळी खाल्ली की श्रेयाचं बी दुखायचं, म्हणून मी लग्नात कानात सांगितलं व्हतं," अक्का म्हणाली. "पोट दुखाया लागलं तर आत्याला भाकरी माग. तिनं मागितली नाय का तुला?"

इथवर मी एक गोष्ट लपवली. डॉक्टरांपासून, बद्रीनाथपासून, आणि तुमच्यापासूनही. श्रेयाने दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडे भाकरी मागितली होती. मी म्हणाले होते, "माझ्या घरात दोन वेळ पोळी होते. लोक म्हणतील, सुनेला भाकरीवर ठेवलंय. पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही." तिने पुन्हा काढलं नाही.

"मागितली होती," मी अक्काला म्हणाले.

अक्काने सूप उचललं आणि पुन्हा ज्वारी पाखडायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

श्रेया दारात येऊन उभी होती. तिच्या ओठांना रंग आला होता. मी उठले, तिचे हात धरले. "चुकलं माझं. घरी चल. घरात गव्हाचा दाणा ठेवणार नाही मी."

"येईन, आत्या," ती म्हणाली. "पण तुमच्यासंगं नाय. त्यांनी यावं मला न्यायला. वर्षभर गप बसले ते."

मी तिथूनच शिवराजला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, आज शिफ्ट आहे," तो म्हणाला. "रविवारी बघतो."

मी काही बोलायच्या आत अक्काने माझ्या हातातून फोन घेतला. सासरहून आल्यापासून कुणाकडे काही मागितलं नव्हतं तिने.

"शिवराज, आजच ये," ती म्हणाली. "मी दोन वर्षं पाचोडकडच्या रस्त्याकडं बघत बसले व्हते. त्याला नुसतं यायचं व्हतं रे. माझी भाकरी मीच थापून घेतली असती."

मग शिवराज म्हणाला, "निघतो, मावशी."